पातेल्यातलं वरण

सैन्यातून परतलो तो मनात स्फोटांचा धसका घेऊनच. त्या धसक्यापायी मिळणाऱ्या पेन्शनसाठी इतक्या वर्षांनी अर्ज केला, तर तपासणारे गुजराती डॉक्टर म्हणाले, "काका, घरच्यांची साक्ष लागेल." माझं डोकंच फिरलं. धसक्याला कसली साक्ष? आणि घरात तर मी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता! तरी बायकोला घेऊन गेलो.

"बेन, घरी कधी काही दिसलं?" डॉक्टरांनी विचारलं.

ती म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा कुकर लावला. शिट्टी झाली आणि हे पलंगाखाली. तेव्हापासून वरण पातेल्यात शिजवते. शेजारच्या शिट्ट्या सुरू झाल्या की खिडकी लावून रेडिओ मोठा करते."

आणि मी मूर्ख, मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटवर येईल त्या पाहुण्याला ऐटीत सांगायचो, कुकरच्या वरणाला चव नसते!

परतताना स्कूटरवर मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला सांगितलं होतं, शर्टाचं बटण शोधतोय म्हणून."

"हो ना," ती मागून म्हणाली. "सगळी बटणं जागेवर होती. तरी मीही खाली वाकून शोधू लागले."