जर्मेनियमचा डायोड आणि माझी नोकरी

नागपूरहून एम.एस्सी. करून मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला परत आले आणि पहिल्या दोन शाळांनी मला नाकारलं. दोन्हीकडे मी फळाभर तक्ता लिहून अख्खा पाठ घडाघडा म्हणून दाखवला होता. तिसऱ्या, हिंदी माध्यमाच्या शाळेनं नमुना पाठासाठी बोलावलं. नववीच्या मुलींचा वर्ग होता, विषय अधातू आणि धातुसदृश मूलद्रव्यं. या वेळी रिकाम्या हातानं जायचं नाही, असं मी ठरवलं.

बाबा भरवेलीच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होते. रिटायर झाल्यावर जुने रेडिओ उघडून बसायचे. त्यांनी डब्यातून काचेची एक इवलीशी नळी काढली, दोन्ही टोकांना तारा असलेली.

"हा डायोड. याच्यात जर्मेनियम हाय," ते म्हणाले. "उलटा लावला का करंट अडवते. जरासा गरम कर, मंग सोडाले लागते."

"आणि तांबं?"

"तांबं गरम झालं का जास्त अडवते. तुह्या पुस्तकात नाई का?"

पुस्तकात होतं, मला पाठही होतं. डोळ्यांनी मात्र कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी स्वयंपाकाच्या ओट्यावर बाबांच्या काट्याच्या मीटरवर मी ते चार वेळा पाहिलं आणि माझी धाकधूक गेली.

पाठाच्या दिवशी मागच्या बाकावर प्राचार्या आणि एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. एका मुलीला पुढं बोलावून मी हातोडी दिली. गंधकाचा चुरा झाला, तांब्याची तार चपटी झाली. मग फुटलेल्या सोलर पॅनलमधला सिलिकॉनचा तुकडा तिच्या हातात ठेवला.

"चमकता है, मैडम. धातु ही होगा," ती म्हणाली.

"दबाकर देखो."

तुकडा चटकन मोडला आणि वर्ग हसला. चमक धातूसारखी आणि ठिसूळपणा अधातूसारखा, म्हणून हा दोघांच्या मधला, असं मी सांगितलं. कुणाला लिहून घ्या म्हणावं लागलं नाही.

फळ्यावर लिहिलं होतं, अधातू प्रायः वीज वाहून नेत नाहीत. गंधकाच्या खड्याला तारा टेकवल्या तर टॉर्चचा बल्ब पेटला नाही. मग दोन्हीकडून टोक काढलेली पेन्सिल जोडली आणि बल्ब पेटला.

प्राध्यापक उठून उभे राहिले. "ग्रॅफाइट भी तो अधातु है. फिर आपका नियम?"

मी फळ्यावरच्या 'प्रायः' या शब्दाखाली रेघ मारली. ग्रॅफाइटमधला कार्बनचा प्रत्येक अणू तिघांशीच बांधलेला असतो, त्याचा चौथा इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो, हे चित्र काढून दाखवलं. ते परत बाकावर बसले.

शेवटी डायोड. मी तो काट्याच्या मीटरला लावला आणि काटा गरम करायच्या आधीच धावत टोकाला गेला. मी तारांकडं पाहिलं. मग आठवलं, अशा मीटरमध्ये ओहम म्हणजे रोध मोजताना काळी तार धन असते. घरी बाबांनी तारा जोडून दिल्या होत्या, इथं मी माझ्या अंदाजानं जोडल्या.

"उल्टा लगाना था, मैंने सीधा लगा दिया," मी मुलींना मोठ्यानं सांगितलं आणि डायोड फिरवून लावला. काटा मागंच राहिला, म्हणजे वीज अडली. पेटलेली काडी जवळ नेली, तसा तो हळूहळू सरकू लागला. मुली बाक सोडून टेबलाभोवती आल्या. मी त्यांना परत बसवलं नाही.

तास संपल्यावर व्हरांड्यात प्राध्यापक चक्क मराठीत बोलले. "चूक झाली ते सांगायची काय गरज होती? गुपचूप फिरवता आलं असतं."

"मग मुलींनी काटा धावला तेच खरं धरलं असतं, सर."

त्यांनी मान डोलावली आणि ते आत गेले. दहा मिनिटांनी प्राचार्या बाहेर आल्या. "सोमवार से आ जाइए," एवढंच म्हणाल्या.

घरी पोचले तर बाबा जेवायला बसले होते.

"नोकरी लागली," मी म्हटलं.

"हौ, मले मालूम होतं."

मी त्यांच्या शेजारी पाट ओढला. खरं सांगायचं तर, काटा सरकला तेव्हाच मलाही कळलं होतं.