काळी पडलेली चांदी

माझ्या वहिनीला सगळे निळीबाई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचा राग नव्हता. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिची सगळी नोकरी झाली. चादरी आणि अभ्रे पांढरे करताना नीळ घालायची, ती नीळ तिच्या नखांत कायमची जाऊन बसली होती. पुढे मोठमोठी मशिनं आली, तरी हट्टी डाग तिच्याकडेच यायचे. रक्ताला गार पाणी, गंजाला लिंबू, औषधाच्या पिवळ्या डागाला सोडा आणि ऊन. "माझ्या हातून निघाला नाही असा डाग अजून जन्माला यायचाय," असं ती म्हणायची.

मी तिची नणंद. एक मजला खाली राहते. माझा स्वभाव कसा आहे ते बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा, सगळे एकच सांगतील. टेलिफोन ऑपरेटर होते, त्यामुळे तोंडाचा पट्टा चालवायची सवय आहे. मला कुणाची बढाई सहन होत नाही. पण वहिनीची ही बढाई मी मान्य केली होती, कारण माझ्या नव्या पडद्यावर शिलाई मशीनचं तेल सांडलं तेव्हा दुकानदाराने हात टेकले होते आणि हिने तो दुसऱ्या दिवशी कोरा करकरीत आणून दिला. वर म्हणाली, "वन्सं, हा काय डाग होता? उगाच मला बोलावलंत."

माझा भाऊ, दादा, बसचा ड्रायव्हर होता. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी चालत डेपोत जायचा, तिथल्या बाकावर बसायचा आणि नव्या ड्रायव्हरांना नावं ठेवायचा. हा कसा गिअर टाकतो, तो कसा ब्रेक मारतो. घरी आला की तेच आम्हाला ऐकवायचा. जगण्यात त्याला तेवढीच एक चैन होती.

त्याला साखरेचा त्रास होता, त्यामुळे पायाला लागलं तरी कळायचं नाही. नवा बूट उजव्या अंगठ्याखाली चावला. त्याला पत्ताच नव्हता. वहिनीला कळलं ते मोज्यावरच्या डागावरून. तिने आधी मोजा गार पाण्यात टाकला आणि मग नवऱ्याकडे धावली. यावरून मी तिला किती चिडवलं! "नवरा वाळत घालायचा राहिला वाटतं," म्हणाले. दादा हसून हसून बेजार झाला. तेव्हा हसायला येत होतं.

जखम भरेना. मग आम्ही तिघं एका तरुण डॉक्टरणीकडे गेलो. चष्मेवाली, बोलायला गोड, हुशारही होती. तिने पाय नीट पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, "ही भरली तर पाय वाचला. वर सरकली तर कापावा लागेल." दादाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "डॉक्टर, हा ब्रेकचा पाय आहे हो." जणू दुसरा नेला तर चालला असता.

डॉक्टरणीने कपाटातून एक चपटं पाकीट काढलं. आत पट्टी होती, राखाडी-काळपट रंगाची, पावसाळी ढगासारखी. "आजी, ही चांदीची पट्टी आहे," ती वहिनीला म्हणाली.

"खरी चांदी?" वहिनीने पट्टी डोळ्यांजवळ धरली.

"खरी. पण तिचे कण केलेत, नॅनो कण. इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो बसतील. चांदीचं नाणं जखमेवर ठेवून काही होत नाही. पण इतकी बारीक केली की ओलाव्यात ती हळूहळू सुटत राहते आणि जंतू मारते. आता असं पुष्कळ काही निघालंय."

"नॅनो?" दादा म्हणाला. "कुणाच्या तरी नातीचं लाडाचं नाव वाटतंय."

डॉक्टरणही हसली. म्हणाली, साध्या पाण्याने ओली करून ठेवायची, वरून बांधायची, तीन दिवस हात लावायचा नाही. मग ती फेकून नवी लावायची.

"चांदी फेकून द्यायची?" वहिनीने विचारलं.

"हो आजी, अगदी थोडीशीच असते."

वहिनीने पाकिटं आपल्या पिशवीत स्वतः ठेवली, सगळ्यात खाली, कापडात गुंडाळून.

सुरुवातीचे आठवडे छान गेले. ड्रेसिंगला एक सिस्टर घरी यायची. जुनी पट्टी कचऱ्यात टाकायची, नवी लावायची. वहिनी दाराशी उभी राहून त्या कचऱ्याच्या डब्याकडे बघायची. जखम लहान झाली, कडा गुलाबी दिसायला लागल्या. दादाची खाट आम्ही गॅलरीच्या दारासमोर आणली होती, म्हणजे त्याला रस्ता दिसावा. तिथून बस गेली की तो आवाजावरून इंजिनची तब्येत सांगायचा. "पुढच्या महिन्यात डेपो," म्हणायचा. मीही म्हणायचे, जा बाबा, आमचे कान तरी सुटतील.

मग सिस्टरच्या मुलीचं बाळंतपण निघालं आणि ती रजेवर गेली. वहिनी म्हणाली, "त्यात काय, मी बांधीन." मी माझ्या लेकीकडे राहायला गेले होते. परत आले, पिशवी खाली ठेवली आणि तशीच वर गेले. दार उघडलं तर वास आला. तो वास कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

दादा तापाने फणफणला होता. पाय सुजून बोटं काळीनिळी. "अहो वहिनी, हे काय आहे? फोन नाही करता येत?" मी ओरडले. वहिनी म्हणाली, "परवापर्यंत बरं होतं हो, आजच चढलंय." टॅक्सी बोलावली आणि गेलो. डॉक्टरणीने पाय सोडला. आत पट्टी निघाली ती पांढरीशुभ्र. दादाला लगेच स्ट्रेचरवरून तपासणीला नेलं आणि आम्ही दोघी मागे राहिलो.

"ही कुठली पट्टी?" डॉक्टरणीने विचारलं.

"तुमचीच की," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात अजून भीती नव्हती, उलट तिला सांगायचंच होतं. "काळी पडली होती. ह्यांच्या पायालासुद्धा काळं लागायला लागलं. मग काढून दातांच्या पावडरीने घासली, चांदी घासतात तशी. तरी हटेना. मग ब्लीचमध्ये ठेवली, उन्हात वाळवली. रोज धुऊन बांधत होते. बघा ना, एक डाग नाही." आणि पिशवीच्या तळातून तिने न फोडलेली पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "या पट्ट्या शिल्लक राहिल्यात."

डॉक्टरण खुर्चीत बसली. मग हळू म्हणाली, "आजी, ते काळं म्हणजेच औषध होतं."

वहिनीने पट्टीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. वहिनीला फाडून खावं असं वाटत होतं, पण तोंड उघडलं ते डॉक्टरणीवर. "चांदी कशाला म्हणालात? अहो, काळी पडलेली चांदी दिसली की घरातली बाई काय करणार? घासणारच! औषध म्हणायचं होतं. विष म्हणाला असतात तरी चाललं असतं, तिने बोट लावलं नसतं."

"मला वाटलं," ती पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "चांदी म्हटलं की जपतील."

"जपलीच ना तिने!" मी म्हणाले, आणि मग मलाच रडू फुटलं.

बाहेर आल्यावर वहिनीने माझा हात घट्ट धरला. "वन्सं, ह्यांना सांगू नका. एवढं करा. काहीही सांगा, पण हे नको." मला सांगायचं होतं. देवाशप्पथ सांगते, जिभेच्या टोकावर होतं. माझा भाऊ आत होता आणि ही माझ्याकडे गप्प बसण्याचं दान मागत होती. पण तिची ती नखं माझ्या मनगटात रुतलेली, निळी. मी म्हणाले, "बरं."

गुडघ्याखाली पाय काढला. दादा शुद्धीवर आल्यावर मी सांगितलं की औषध लागू पडलं नाही. तो "हं" म्हणाला आणि छताकडे बघत राहिला.

घरी आला पण खाट त्याने दारासमोर ठेवू दिली नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचा. बस गेली तरी काही बोलायचा नाही. वहिनीने धुणं सोडलं. कपडे मशीनमध्ये कसेतरी कोंबायची, मळकट निघाले की तसेच वाळत घालायची. दादाचे पांढरे बनियन राखाडी झाले. एकदा मी नीळ आणून दिली, तर ती पुडी फोडलीही नाही. तिच्या नखांतली नीळ हळूहळू गेली आणि बोटं दुसऱ्याच कुणाची वाटायला लागली. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायची. घरात पाहुणे असल्यासारखी वागायची.

कापलेल्या जागेचा एक कोपरा भरत नव्हता. सिस्टर रजेवरून परतली होती, तिला बोलावलं. ती आली तेव्हा मी तिथेच होते. तिने पिशवीतून पाकीट काढलं आणि फोडलं. तीच पट्टी, तीच काळपट. वहिनी मागच्या मागे सरकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

"सिस्टर, तुम्ही नका," दादा म्हणाला. "तिला बांधू दे."

"त्यांना नको वाटतंय, काका."

"बांधू दे. या वेळी ती धुणार नाही."

सिस्टरला काही कळलं नाही, ती आमच्या तोंडांकडे बघत राहिली. माझ्या तोंडून निघालं, "दादा, तुला माहीत होतं?"

"माझ्या डोळ्यांसमोर दोरीवर वाळत होती रोज," तो म्हणाला. वहिनीकडे न बघता म्हणाला. "घासताना गाणं गुणगुणत होती. कितीतरी दिवसांनी. मला वाटलं, एवढी घासतेय तर बरोबरच असेल. आजवर तिच्या हातून कधी काही बिघडलंय?"

वहिनी भिंतीला धरून खाली बसली. मी तिला उठवायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला आणि आपली आपण उठली. दादाजवळ गेली. ओली पट्टी ठेवली, वर कापसाची, मग गुंडाळी. गाठ एकदा सोडून पुन्हा मारली, ती नीट बसली. दादाने डोळे मिटून घेतले होते. ती काय करतेय हे त्याने एकदाही पाहिलं नाही.

मग ती मोरीत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो येतच राहिला. मी जाऊन पाहिलं. पाणी धो धो वाहत होतं आणि ती बाजूला उभी होती. बोटांच्या टोकांना काळं लागलेलं, हात अंगापासून लांब धरलेले.

"वहिनी, हात धुवा ना," मी म्हणाले.

"नको," ती म्हणाली. "माझ्या हातून सगळंच निघतं हो, वन्सं."