जबड्याचं अपील

आमच्या ह्यांचा जबडा फौजेत मोडला. डोंगरात गाडी उलटली, खालचे दात गेले आणि हाड वाकडं जुळलं. कवळी बसत नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी अपंगत्वाच्या पेन्शनीसाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. होणारच! डॉक्टरांनी काय त्रास होतो विचारलं की हे छाती काढून सांगायचे, "काही नाही साहेब, एकदम ठीक!" फौजेत तीच सवय लागलेली.

आम्ही अपील केलं. पुन्हा तपासणीला बोलावणं आलं. एसटीत मी सारखी म्हणत होते, "आता तरी खरं सांगा."

"सांगतो की. मी काय ल्हान पोर हाय व्हय?"

लष्करी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाई मराठीच होत्या. त्यांनी मलाही खुर्ची दिली. परक्या माणसापुढं माझा आवाज फुटत नाही. भाजीसुद्धा मी बोटानं दाखवून घेते. पदर घट्ट धरून बसले.

"जेवता येतं का?" बाईंनी ह्यांना विचारलं.

"येतंय की मॅडम. सगळं खातोय."

"भाकरी?"

"व्हय. मटणसुदिक."

हेच पुन्हा लिहून गेलं तर अपील बुडालंच. आणि मी एकदम बोलून गेले, "खोटं बोलत्यात बाई! मटण मी खलबत्त्यात कुटून देते. भाकरी दुधात भिजवल्याशिवाय जात न्हाय. लग्नात चारचौघांत नुसता रस्सा पित्यात आन् घरी येऊन भात मागत्यात."

हे लालबुंद झाले. "अगं, गप की!"

"न्हाय बसत गप!"

बाई हसायला लागल्या. "हवालदारसाहेब, तोंड उघडा बघू."

दोन बोटंही आत जाईनात. मग त्यांनी नीट मोजमाप घेतलं आणि पुढचं सगळं मलाच विचारलं.

येताना हे खिडकीकडं तोंड करून बसले. कऱ्हाड गेल्यावर म्हणाले, "भाताचं कशाला सांगायचं हुतं?" आणि स्वतःच हसले.

अपील मंजूर झालं. पेढे घ्यायला ह्यांचे फौजेतले एक दोस्त आले. तोफांच्या आवाजानं त्यांचा एक कान गेलाय, पण डॉक्टरांना 'झकास ऐकू येतंय' सांगून आलेले. अर्ज नामंजूर, आता त्यांचंही अपील होतं.

"वहिनी, आमच्या तपासणीच्या तारखेला चला की!" ते मोठ्यानं म्हणाले.

मी लाजून आत पळाले. दाराआडून ओरडले, "तुमच्या बायकोला न्या!"

"काय म्हणाल्या?" त्यांनी ह्यांना विचारलं.