वाटणीतला लेथ

आमच्या सोसायटीच्या संचालकांबद्दल माझ्या मनात आजही चांगलं काही नाही. वय झालं की माणूस क्षमा करायला शिकतो म्हणतात. मला ते जमलेलं नाही.

घाटनांदूरपासून तासाभराच्या अंतरावर आमचं गाव. शेतकऱ्यांचे पंप गावातच दुरुस्त व्हावेत म्हणून सहकारी सोसायटीनं लोखंड कातायचं यंत्र, साडेचार फुटी लेथ, घेतला होता आणि त्यावर टर्नर म्हणून मला ठेवलं होतं. दोन वर्षं चांगली गेली. मग निवडणुकीत गट पडले, आणि एक गट मशीन पळवून नेईल अशी दुसऱ्या गटाला धास्ती बसली. त्यावर या पाच शहाण्यांनी काढलेला तोडगा दुसऱ्या कुठल्या गावाला सुचला नसता. त्यांनी माझ्याच हातून लेथ खोलून घेतला आणि एकेक भाग एकेका संचालकाच्या घरी ठेवायचा ठराव केला. खालचा जड बेड तेवढा गोडाउनात राहिला, कारण तो कुणाला उचलेना. कुणा एकाला मशीन चालवता येऊ नये हा ठरावाचा हेतू होता. कुणालाच चालवता येणार नाही, हे पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझी नोकरीही त्या ठरावात गेली, पण तसं लिहायची कुणाला गरज वाटली नाही. मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लागलो.

पुढे मोठा दुष्काळ आला. ऊसच नाही म्हटल्यावर कारखान्याचा बॉयलर पेटला नाही आणि मी घरी येऊन बसलो. माणसांना टँकर होता, गाईबैलांना छावणी होती. शेळ्यामेंढ्यांना छावणीत घेत नव्हते. ती जनावरं सोसायटीच्या विहिरीजवळच्या हौदावर जगत होती, कारण त्या विहिरीच्या तळाला अजून पाणी होतं. नेमका तिथला पंप बसला. शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश झिजलं आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागला. अंबाजोगाईच्या वर्कशॉपांत पंपांचे ढीग पडलेले, नंबर लागायला आठवडा.

एक धनगर म्हातारी माझ्या दारात आली. तिच्या घरात ती आणि तिचा कळप, दुसरं कुणी नाही.

"तुला येतंय म्हनं ते मशिन जोडाया," ती म्हणाली. "पोहऱ्यानं शेंदून शेंदून किती शेंदू बाबा? माजी मेंढरं आठ दिस न्हाई निघायची."

मी पंपाचं बुश हातात घेऊन पाहिलं. लेथ जोडला तर हे काम एका सकाळचं होतं. म्हणून मी भाग गोळा करायला निघालो.

चेअरमनांकडे लोखंड जबड्यांत पकडून फिरवणारा चक होता. तो त्यांनी देवघरात ठेवला होता आणि दर दसऱ्याला त्यावर हळदकुंकू, तेल आणि शेंदूर घालून त्याचे जबडे पार लिंपून टाकले होते. देवघरातल्या वस्तूला हात लावायचा तर अंघोळ करून ये, असं त्यांनी मला सांगितलं. गावात प्यायला पाणी नाही आणि हे गृहस्थ मला अंघोळीला पाठवत होते. व्हाइस चेअरमननी टेलस्टॉक, म्हणजे लेथच्या शेपटाकडचा जड ठोकळा, तारेनं फाटकाला लोंबकळत ठेवला होता, फाटक आपलं आपण बंद व्हावं म्हणून. तिसऱ्यानं लीड स्क्रूचा, म्हणजे लांब आटेदार दांडीचा, दाराला अडसर केला होता. बुश आतून कोरायला लीड स्क्रू लागत नाही, तसं मी त्याला सांगितलं, तर त्याचा चेहरा पडला. "कावून? समद्यांचं चालतंय अन् आमचंच कावून नको?" उरलेल्या दोघांची कथा याहून शहाणपणाची नव्हती. तिसऱ्याचा तो निरुपयोगी स्क्रूही घ्यायचं मी कबूल केलं.

पण आणून ठेवायचं कसं, यावर अडलं. दुसऱ्यानं आपला भाग खाली ठेवल्याशिवाय पहिला ठेवीना. अख्खा दिवस त्यात गेला. शेवटी सगळ्यांनी एकाच वेळी ठेवायचं ठरलं. गोडाउनात पाच जण आपापला भाग घेऊन गोल उभे राहिले, चेअरमननी तीन म्हटलं आणि सगळे एकदम वाकले. व्हाइस चेअरमन टेलस्टॉकच्या ओझ्यानं आधीच लटपटत होते, ते वाकले ते बसलेच. म्हातारी उंबऱ्याशी बसून हे सगळं बघत होती. मला तिची लाज वाटली, त्यांची नाही.

पुढचे दोन दिवस मी रॉकेल, पॉलिश पेपर आणि खरवडणी घेऊन बसलो. चकाच्या जबड्यांतून शेंदूर काढता काढता नखं दुखायला लागली. टूल पुढेमागे नेणारं कॅरेज गंजानं जागेवर धरलेलं. म्हातारी येऊन बसायची, चिंध्या पुढे करायची आणि प्रत्येक भागाला हात लावून बघायची. "ह्याला बी गंज हाय," एवढंच म्हणायची. संध्याकाळी उठून विहिरीवर पोहरा ओढायला जायची.

तिसऱ्या दिवशी लेथ उभा राहिला, फक्त जिब नव्हती. क्रॉस स्लाइड ज्या खाचेतून सरकते, तिथली फट भरणारी ही निमुळती लोखंडी पट्टी, लांबीला वीतभर. ती नसेल तर टूल थरथरतं आणि बुशचं भोक कधी नीट येत नाही.

"जिब सापडत नाही," मी संचालकांना सांगितलं.

आता खरं सांगतो. जिब माझ्याच ट्रंकेत होती. लेथ खोलला त्या दिवशी रागाच्या भरात मी ती खिशात घातली होती, माझ्याशिवाय या मूर्खांना मशीन चालवता येऊ नये म्हणून. भाग गोळा करायला निघालो तेव्हाही मला ते ठाऊक होतं. या लोकांनी माझ्या दारात यावं आणि तुला काढलं ही आमची चूक झाली असं एकदा म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

ते आले नाहीत. ते एकमेकांच्या घरात शिरले. "तूच दाबली बे," चेअरमन व्हाइस चेअरमनना म्हणाले. मग माळे, कणग्या, देवघरं, सगळं उलथंपालथं झालं. मी गोडाउनच्या पायरीवर चहा पीत दिवसभर ही गंमत बघत बसलो. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

"घावंल का रं ती?" म्हातारीनं विचारलं.

"बघू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिब नेली आणि लेथखालच्या लोखंडी चुऱ्यात सापडली म्हणून सांगितलं. पाचही जणांनी लगेच विश्वास ठेवला, कारण ती दुसऱ्या कुणीतरी तिथं टाकली असणार याची प्रत्येकाला खात्री होती. म्हातारीनं ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि मला परत दिली. दुपारपर्यंत बुश झालं, बसवलं, आणि पंपानं हौदात पाणी टाकलं. चेअरमननी नारळ फोडला.

म्हातारी कळप घेऊन आली. मेंढरं हौदावर तुटून पडली.

"दोन कमी दिसतात," मी म्हणालो.

"काल दुपारी बसल्या त्या उठल्याच न्हाईत," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, पाणी पिणाऱ्या मेंढरांकडे बघत होती. मग म्हणाली, "समद्यांनी आपापलं गंजवलं. ती पट्टी तेवढी गंजली न्हाई. लई तेल लावून जपली व्हती कुनीतरी."

तिच्या आवाजात राग नव्हता. चेअरमन प्रसाद वाटत आले आणि ज्यानं मशीन जोडलं त्याला जास्त म्हणून खोबऱ्याचा मोठा तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. म्हातारी बघत असताना मी तो खाल्ला.