ओळ उचलायला कुणीतरी

पन्नाशी उलटलेल्या माणसाने रॉक गावं की नाही, यावर आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा झालेली आहे. निकाल माझ्या विरोधात गेला. तरी यंदा अल्बम केलाच. सगळी गाणी दुसऱ्यांची, ज्यांच्यामुळे मी गिटार हातात धरली त्यांची. बहुतेक इंग्रजी, फोर्टच्या फुटपाथवरून आणलेल्या कॅसेटींवर ऐकलेली. निम्मे शब्द तेव्हा कळायचे नाहीत, काही अजून कळत नाहीत. शेवटून दुसरं गाणं मात्र माझ्या बापाचं.

बाप गिरणीत होता आणि लोअर परळच्या आमच्या चाळीत त्याची गायन पार्टी होती. एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, एक संध्याकाळ मोकळी नसायची. पेटी, ढोलकी, बेंजो, आणि मागे चटईवर कोरस. त्यात आई, आत्या, खालच्या मजल्यावरच्या बायका, शिफ्ट सुटलेले बाप्ये. बापाने ओळ म्हणायची, डावा हात वर करायचा, की कोरसने ती उचलायची. नाही उचलली तर तो पुढे जायचाच नाही, हात वर धरून बसायचा. मी आत्याला चिकटून टाळ्या वाजवायचो. मला वाटायचं, जगात सगळ्यांची गाणी अशीच होत असणार.

आता रेकॉर्डिंगला कोरस आणायचा कुठून? चाळ पडली. माणसं विरार, बदलापूर, आणि बरीचशी थेट वर. माझा ड्रमर कॅनडात. बास वाजवणारा चाळीच्याच जागेवर झालेल्या टॉवरमधले फ्लॅट विकतो आणि भेटला की मलाही एखादा दाखवतो. बायको वेगळी राहते, शहाणी आहे. शेवटी मीच गायलो. जाड आवाजात, बारीक आवाजात, माईकपासून लांब उभा राहून, एकावर एक. अख्खी दुपार बंद खोलीत मी माझी मलाच साथ देत होतो. नंतर ऐकलं तर कसंतरीच वाटलं. का ते कळेना.

त्या कोरसमधली एकटी आत्या उरलीय, कॉटन ग्रीनला. मुलगा पुण्याला असतो, तिचे दिवस टीव्हीसोबत जातात. ठरवलं, ती 'बरोबर आहे' म्हणाली तर गाणं ठेवायचं, नाहीतर अल्बममधून काढायचं. बापाचं गाणं काढायचं जिवावर येत होतं. पण उगाच खोटं कशाला ठेवा? लॅपटॉप आणि माईक बॅगेत टाकून गेलो.

आत्याने टीव्ही बंद केला, पदर सावरला आणि ऐकायला बसली. गिटार सुरू झाली तसे तिने दाढ दुखल्यासारखे डोळे मिटून घेतले. मग माझी पहिली ओळ आली.

"आवाज दादासारखाच लावतोस रे," ती म्हणाली. मी फुगलो. मग कोरस आला आणि तिने डोळे उघडले.

"मागे कोण आहेत?"

"मीच."

"सगळे?"

"सगळे मीच, आत्या."

"बायका पण तूच?" खोकला येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसले. "हे असं नको देऊस बाबा. घर भरल्यासारखं वाटतं आणि आत कुणीच नाही."

तेच होतं ते. मला इतके दिवस सांगता येत नव्हतं.

"मग तू गा," मी म्हणालो.

"एकटी? कोरस कधी एकटीने गातात का?"

"मी बसतो ना बाजूला."

गुडघ्यांमुळे तिला चटईवर बसता येत नाही, म्हणून दोघं पलंगावर बसलो. माझा सगळा कोरस बंद करून टाकला. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. माझा आवाज ओळ म्हणून थांबला आणि आत्याने ती उचलली. नेहमीसारखी जराशी उशिरा. तिच्यासोबत मीही उचलली. त्या उशिरासाठी बाप तिच्याकडे डोळे वटारून बघायचा. आता समोर भिंत होती आणि बंद टीव्ही. शेजारच्या कुकरची शिट्टीही रेकॉर्ड झाली. मला रडू येत होतं, पण ओळ सोडली नाही.

"आता बरोबर आहे," गाणं संपल्यावर ती म्हणाली. म्हणजे गाणं राहिलं.

लॅपटॉपवर अख्खा अल्बम ओळीने लावलेला होता. मी माईक बंद करेपर्यंत पुढचं गाणं आपोआप सुरू झालं. शेवटचं, इंग्रजी. चाळीच्या जिन्यात एकटा बसून जे वाजवायला शिकलो ते. आत्याने इअरफोन काढला नव्हता. टाळीसाठी दोन्ही हात उचलून ती ओळ संपायची वाट बघत होती. एक ओळ गेली, दुसरी गेली.

"यात आपण कुठे घ्यायचं?" तिने विचारलं.

"यात आपण नाही, आत्या."

तिने हात मांडीवर ठेवले आणि गाणं संपेपर्यंत माझ्यासोबत ऐकत राहिली.