जावयाला लाल कार्ड

माझ्या सासऱ्यांना मी त्यांच्याच घरासमोरच्या खळ्यात आडवं केलं, ते रग्बी हा सुरक्षित खेळ आहे हे त्यांना पटवून देण्यासाठी.

वास्तविक माझा आणि रग्बीचा संबंध काय? मी मालवणात हार्डवेअरचं दुकान चालवतो. धावणं म्हणाल तर चांगली मासळी संपायच्या आत बाजारात पोचण्यापुरतं! पण आमची सायली कोल्हापूरला इंजिनिअरिंगला गेली आणि रग्बीही शिकली. (फी एकाच गोष्टीची भरली होती.) बघता बघता राज्याच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात एका सामन्यात तिला लाल कार्ड मिळालं! समोरच्या मुलीला अडवताना हिचा खांदा तिच्या डोक्याला लागला. ती मुलगी लगेच उठून खेळायला लागली. पण घरी माझी बायको नूतन डोक्याला हात लावून बसली, ती उठेचना.

"आज दुसऱ्याचा डोक्या, उद्या हिचा! शिबिर नाय नि काय नाय!"

सायली दोन दिवस धड जेवली नाही. आमच्या घरी मासे असताना कोणी जेवत नाही म्हणजे प्रकरण गंभीर! शेवटी असं ठरलं की वेंगुर्ल्याला नूतनच्या माहेरी जायचं आणि तिचे वडील, म्हणजे आबा, म्हणतील ते ऐकायचं.

आबांनी जन्मभर काजूच्या बागा सांभाळल्या, आणि घर त्याहून कडक सांभाळलं. माझा मेव्हणा सुधीर जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, आहे, पन्नाशीला आलाय, पण चपला वाकड्या काढल्या म्हणून अजून बोलणी खातो. मी मात्र जावई! मी कप फोडला तर "कपच फुसको होतो" असं म्हणून आबा सुधीरकडे रागानं बघतात. या व्यवस्थेबद्दल मला कधीच तक्रार नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा सुधीर मोबाईलवर रग्बीच बघत होता. न्यूझीलंडच्या बंदरांत जाऊन जाऊन त्याला हे वेड लागलेलं. सायली शेजारी बसली मात्र, मामा-भाचीची त्या सामन्यावरून जुंपलीच.

"त्या दिवशी असोच खांदो लागलो तर पिवळा, धा मिनटां भायर. आज थेट लाल! खंयचो न्याय गो ह्यो?"

"मामा, त्या दिवशी तो पुढचो अचानक खाली वाकलो होतो. मगे शिक्षा कमी होता."

आबा पानाचा डबा बाजूला ठेवून पुढे सरकले. "आणि मारणाऱ्याच्या मनात नसात तर?"

"मनात काय आसा ता बगनतच नाय, आजोबा."

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण मुलीची बाजू मांडायची संधी आली होती! मी ठासून सांगितलं, "बरोबर! मनात काय होता ता इचारूचाच नाय! डोक्याक लागला की भायर! म्हणान तर हो खेळ इतको सुरक्षित!"

"अस्सां!" आबांना आता राहवेना. "मगे धरूचा खंय?"

"खांद्याच्या खाली. दाखवतंय ना," मी म्हणालो. घाबरून नूतन म्हणाली, "अहो, तुमी?" पण तोवर मी खळ्यात उतरलो होतो.

चेंडू नव्हता. सुधीरनं सोलायचा नारळ आणला. आकार अगदी तोच! तो नारळ घेऊन सुधीरनं धावायचं आणि मी त्याला अलगद धरायचं असं ठरलं. पण आबांनी नारळ त्याच्या हातातून ओढून घेतला. "तुका धड चालूक येणा नाय. मी धावतंय." आणि पंचा सावरत ते सुटलेच! नूतननं मोबाईल उगारला. (नंतर भांडायला पुरावा हवा म्हणून.)

मी खांदा पुढे काढून निघालो. पुढे काय झालं ते क्षणात झालं. चष्मा एकीकडे, आबा दुसरीकडे, नारळ गडगडत तुळशीपाशी, आणि मी आबांवर!

आबा उठून बसले. गालफड सुजलं होतं, बाकी ठीक होते. माझ्या तोंडातून पहिले शब्द निघाले ते हे:

"माज्या मनात काय्येक नव्हता!"

"मनात काय होता ता इचारूचाच नाय ना?" सुधीर म्हणाला. इतकं आनंदी मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग व्हिडिओ लागला. पुढे, मागे, सावकाश. आबा गालाला फडकं लावून सगळ्यात पुढे! "थांबय! थंयसर थांबय!" पडद्यावर दिसत होतं की आबांचा पंचा सुटत होता आणि तो धरायला ते अचानक वाकले होते.

"वाकले! आबा वाकले!" मी ओरडलो. "शिक्षा कमी! पिवळा!"

सगळे सायलीकडे बघायला लागले. पोरगी पेचात पडली. मला सोडावं तर सुधीर म्हणणार, मग तुला लाल का मिळालं? लाल द्यावं तर नूतन म्हणणार, बघा किती धोक्याचा खेळ, शिबिर रद्द! मी डोळ्यांनी खुणावत होतो, पिवळं दे, बाळा, पिवळं दे.

तिनं व्हिडिओ आणखी एकदा पाहिला.

"आजोबा वाकले, पण बाबा पयल्यापासून वाकाकच नाय. ताठ उबेच धावले. मगे सूट गावणा नाय. लाल."

(माझ्यानं वाकवत नाही हे पोटाकडे बघूनही कळलं असतं. व्हिडिओची गरज नव्हती.)

"झाला!" नूतन म्हणाली. "आता बोला, आबा. धाडूचा हिका असल्या खेळात?"

आबांनी गालावरचं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "ह्या घरात जावयाक कोण कधी बोललो? मी सुदीक नाय. आणि ह्या चेडवान स्वताच्या बापसाक भायर काढल्यान. शिबिर जायत काय ऱ्हवात, ता ठावक नसताना! जाऊंदे तेका. खेळूंदे."

सायलीनं आबांना मिठी मारली, खांद्याच्या खाली, नियमाप्रमाणे. मलाही भरून आलं. पण लाल कार्डामागोमाग पुढच्या सामन्यांची बंदीही येते, ही उपयुक्त माहिती सुधीरनं नेमकी तेव्हाच पुरवली.

पुण्यात शिबिराचा पहिला सामना झाला तोवर सायलीची बंदी संपली होती, माझी मात्र आबांनी चालू ठेवली होती. सगळं सासर आत होतं आणि मी मैदानाच्या फाटकाबाहेर. "खालना धर गो!" हे आबांचं ओरडणं रस्त्यापर्यंत येत होतं. पहारेकऱ्याला माझी दया आली.

"साहेब, मुलगी खेळतेय ना आत? मग बाहेर का?"

"माझ्यावर बंदी आहे. लाल कार्ड."

त्यानं मला पोटापासून वर आणि पोटापासून खाली नीट न्याहाळलं, आणि अदबीनं विचारलं, "कुठल्या टीमकडून खेळता?"

"सासरवाडीकडून," मी म्हणालो.