शिधा घेऊन अंदमानला

माझी आई कुणाच्याही घरी गेली की चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्या घरची मेथी निवडायला बसते. लग्नात पंगत बसली की ती वाढायला, आणि पंगत उठली की पत्रावळ्या उचलायला. तिचं स्वतःचं जेवण सगळ्यांचं उरकल्यावर, स्वयंपाकघरात, कढईला जे लागलं असेल ते. गरम भाकरी तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटात टाकली. याचा मला लहानपणापासून राग आहे. आईचा नाही, त्या कढईचा.

म्हणून नवऱ्याला नोकरीत मिळणारी प्रवासाची सवलत वापरून अंदमानला जायचं ठरलं, तेव्हा मी जाहीर केलं की आई येणार, तिचं तिकीट माझ्या पगारातून, आणि चार दिवस ती कुठल्याही कामाला हात लावणार नाही. आयतं, बसून, गरमागरम जेवणार. समुद्र दिसला तर उत्तमच, नाही दिसला तरी चालेल.

आता प्रश्न होता उतरायचं कुठं. नवरा तेरखेड्याचा. फटाक्यांचं गाव खरं, पण ह्यांचा स्वभाव पावसात भिजलेल्या लवंगीचा. शांतपणे रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन बसायचे आणि स्वस्तातली स्वस्त खोली शोधायचे. मला हवा होता समुद्रकाठचा रिसॉर्ट, जिथं गणवेशातला माणूस खुर्ची मागं ओढून बसवतो. त्याचं एका रात्रीचं भाडं बघून ह्यांनी मोबाईल उलटा ठेवला आणि पाणी प्यायले.

"त्यापेक्षा हे बघ," म्हणाले. "जेट्टीच्या अगदी शेजारी. सकाळची बोट चुकायचा प्रश्नच नाही."

"बेटावर जाऊन स्टँडजवळचा लॉज?" मी भडकले.

पण दोष त्यांचा नव्हता. आपल्याकडं मुक्कामाची जागा दोनच गोष्टींवरून ठरते, देवळापासून किती लांब आणि स्टँडपासून किती लांब. तुळजापुरात कुठलाही लॉजवाला आधी महाद्वाराचं अंतर सांगतो, मग खोलीचं. आणि ह्या बेटावर देऊळ माहीत नाही, एसटी नाही, चारही बाजूंनी समुद्रच. जवळ म्हणजे कशाच्या जवळ, हेच आम्हाला कळेना. नकाशा बोटांनी मोठा करून करून डोळे दुखायला लागले.

रविवारी माझ्या माहेरी, तेरखेड्याकडच्याच वाशीजवळच्या गावी गेलो आणि आईसमोर दोन्ही फोटो धरले. तिनं रिसॉर्टच्या निळ्या हौदाकडं बघितलं.

"एवढं पाणी नुसतं बघायला ठिवलंय?"

"पोहायला, आई."

"आन् प्यायला कवा येतं?"

मी म्हटलं, चोवीस तास. त्यावर तिचा विश्वास बसला नाही. मग तिनं खरी अडचण सांगितली. "वळखीचं घर आसंल तर येते. न्हायतर तुमी दोघं जावा. मी कामून येऊ तिथं परक्यात?"

"अंदमानात ओळखीचं घर कुठून आणू?"

"तुळजापुरात हाय की."

तुळजापुरात आहे, कारण तिथं आमच्या घराण्याचा पुजारी आहे. आम्ही कधी लॉज शोधला नाही. बसमधून उतरायचं आणि सरळ पुजाऱ्यांच्या घरी. आई पिशवीतून शिधा काढायची: पीठ, तूरडाळ, गूळ, खोबरं, हळकुंडं. पुजारीणबाई तो पदरात घ्यायच्या आणि आम्ही त्या घरचे व्हायचो. लहानपणी मला वाटायचं, जगात प्रत्येक गावी आपलं असं एक घर असतंच, फक्त कुणीतरी पत्ता सांगायचा असतो.

मी चिडून घरी आले. रात्रीच्या जेवणाला भात करपवला. नवऱ्यानं करपलेला भात मुकाट्यानं खाल्ला आणि तिसराच एक फोटो दाखवला. सुपारीच्या बागेत एक बसकं घर, वर पत्रा, दारात तुळस. घरगुती राहायची सोय, जेवण घरचं. समुद्र चालत जाण्याएवढा. भाडं रिसॉर्टच्या मानानं काहीच नाही. मला ते पसंत नव्हतं. घर म्हटलं की स्वयंपाकघर आलं, आणि स्वयंपाकघर आलं की आई आत गेलीच. पण दुसरा मार्गच दिसेना.

घरमालकीण बंगाली होती, तिचे सासू-सासरे कधीकाळी तिकडं येऊन स्थायिक झालेले. पुढच्या रविवारी गावी जाऊन व्हिडिओ कॉल लावला आणि मी फोन आईच्या हातात दिला. आईची हिंदी म्हणजे आमच्या आठवडी बाजारातली हिंदी.

"बाई, तुमारे इधर पानी कबको आता?"

पलीकडून हसू आलं. "माँजी, कुआँ है. जब चाहे तब."

विहीर म्हटल्यावर आईचा चेहरा मोकळा झाला. मग दोघींचं मुलं किती, सासू कशी, गुडघे दुखतात का, इथपर्यंत गेलं. माझ्या फोनची बॅटरी संपली तेव्हा आईनं निकाल दिला. "बाई चांगली हाय. कुकू मोठं लावती."

अशा रीतीनं आमचं राहायचं ठिकाण कुंकवाच्या आकारावरून ठरलं.

निघायच्या दिवशी आईच्या पिशवीचं वजन बघून नवरा म्हणाले, "मामी, यात काय दगडं भरलेत का?"

"शिधा हाय, जावईबापू. दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ का?"

"आपण भाडं देणार आहोत तिथं!"

"त्ये तुमी द्या. त्ये तुमचं."

हैदराबादच्या विमानतळावर तपासणीत पिशवी उघडायला लावली. ज्वारीचं पीठ बघून तपासणाऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं, पण सोडलं. खोबऱ्याच्या वाट्या मात्र विमानात चालत नाहीत म्हणून काढून घेतल्या. मला वाटलं, बरं झालं. आई मात्र विमान ढगात शिरलं तरी एकच म्हणत होती, "शिधा अपुरा राहिला."

दुसऱ्या दिवशी बोटीतून त्या बेटावर उतरलो. समुद्र असा हिरवा-निळा की मी रडायच्या बेतात. आईनं एकदा सगळीकडं बघून घेतलं आणि म्हणाली, "लई हाय." बस. त्या घराच्या अंगणात पाय ठेवला, तर तिथं नारळाची झाडं आणि झाडाखाली पडलेले नारळ. आईचे डोळे चमकले. आम्ही सामान उतरवेपर्यंत तिनं त्यातला एक उचलला, पदरानं पुसला, पिशवीतला सगळा शिधा पायरीवर मांडला आणि त्या बाईचाच नारळ त्यावर ठेवून त्या बाईलाच पुढं केला. कपाळाला हळदकुंकू लावलं.

नवरा तोंड फिरवून सुपारीच्या झाडाशी हसत उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या बाईनं काहीच विचारलं नाही. डोक्यावरून पदर घेतला, दोन्ही हातांनी सगळं ओच्यात घेतलं आणि आईच्या पाया पडली.

आता आई हिच्या मागोमाग आत जाणार, विळी मागणार, हे मला पाठ होतं. चार दिवसांची मजा संपलीच. मी रागारागानं आंघोळीला गेले. विहिरीचं पाणी डोक्यावर ओतताना ठरवलं, तिला हाताला धरून बाहेर काढायचं, वेळ पडली तर भांडायचं.

बाहेर आले तर आई ओसरीवर होती. मांडी घालून. हात मोकळे, मांडीवर ठेवलेले. मला ओळखू येईना ही कोण बसली आहे.

तासाभरानं आतून बाईनं ताट आणलं. भात, आमच्या तुरीची डाळ, कसलीशी पालेभाजी, आमच्या गुळात शिजवलेली तांदळाची खीर. आणि ज्वारीच्या पिठाचं तिला काय करायचं ते न कळल्यानं तिनं त्याच्या पुऱ्या लाटून तळल्या होत्या. एक धड नव्हती. कडा फाटलेल्या, मधे भोकं, अर्ध्यांचे नुसते तुकडे. ज्वारीची भाकरी जराशी चिरली तर माझ्या वहिनीला ऐकवणारी माझी आई. आता उठणार. आता म्हणणार, सरक गं बाई, मी थापते.

तिनं तुकडा डाळीत बुडवला, खाल्ला, मान डोलावली. बाई पंखा घेऊन शेजारी बसली. मी उभीच.

"बस की खाली," आई मला म्हणाली. "वाढायलीत न्हवं त्या."

"आई, तू आत नाही गेलीस?"

"शिधा दिल्यावर आत जात न्हाईत. तुळजापुरात कवा मी पुजाऱ्याच्या चुलीपाशी गेलते का?"

आणि मला दिसलं. पुजाऱ्यांच्या घरची पंगत, पुरणपोळीचं ताट, आणि त्या पंगतीत बसलेली माझी आई. बसलेली. वर्षातून एकदा, फक्त तिथं. मी इतक्या वेळा तिच्या शेजारी बसून जेवले होते, पण माझं सगळं लक्ष पुरणात. रिसॉर्टात ती पहिल्याच दिवशी आमची ताटं उचलून विसळायला घेऊन गेली असती. पैसे मोजून कुणी वाढलेलं तिला गोड लागलंच नसतं. तिला बसून जेवायला लागणारी जागा तिला पक्की ठाऊक होती. मी ती नकाशात शोधत होते, आणि आई सरळ सांगत होती: वळखीचं घर.

मी तिच्या शेजारी बसले. माझ्याही ताटात भोकाची पुरी पडली. ती दातांखाली करकरली. गावाकडं असती तर गाईला टाकली असती, पण आम्ही तिघांनी मिळून परात रिकामी करत आणली. नवऱ्यानं बोटं चाटत विचारलं, "मामी, समुद्र बघायला जायचं ना मग?"

"जाऊ की. पळून चाललाय का?"

मग तिनं ताट जरा पुढं सरकवलं. बाईकडं बघून, जराही न संकोचता, मी जन्मात तिच्या तोंडून न ऐकलेलं वाक्य ती बोलली.

"और एक वाढो, बाई. भूक लगी है."